परत न घेतलेली किल्ली

घर सोडून जाणाऱ्या भाडेकऱ्याकडून किल्ली परत घ्यावयाची, हा व्यवहार कोणासहि शिकवावा लागत नाहीं. भाडेकरू कितीहि सज्जन असो, किल्ली मागतांना घरमालकाला संकोच वाटत नाहीं आणि देतांना भाडेकऱ्यालाहि अपमान वाटत नाहीं. परंतु आज ज्या संगणकांच्या जाळ्यांत बँकांचे हिशेब, रोग्यांचीं टिपणें, शाळांचे निकाल आणि कारखान्यांचे करार सांठविलेले असतात, त्यांच्या बाबतींत मात्र हा साधा व्यवहार वारंवार राहून जातो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशीं किल्ली मिळते, कारण तिच्यावांचून त्याचें काम अडतें. गेलेल्या माणसाची किल्ली परत घेतली नाहीं, तर कोणाचेंच काम अडत नाहीं. म्हणून ती परत घेण्याची आठवणहि कोणास होत नाहीं. या विसराळूपणाची किंमत किती मोठी असूं शकते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणकाच्या जगांत या किल्लीला ‘खातें’ असें म्हणतात. यंत्र एका वेळीं एकाच माणसाच्या हातीं असे, तोंवर खात्याची गरज नव्हती. खोलीला कुलूप घातलें म्हणजे काम भागे. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत श्री. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, अशी व्यवस्था करून दाखविली. एकाच यंत्राच्या पोटांत अनेकांचीं कागदपत्रें आलीं, तेव्हां प्रत्येकाला वेगळें नांव आणि वेगळा परवलीचा शब्द देणें भाग पडलें. वापरकर्त्याचें खातें जन्मास आलें तें असें.

या नव्या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली. १९६२ सालीं त्याच संस्थेंतील एका संशोधक विद्यार्थ्याला त्याच्या वांट्यास आलेला आठवड्याचा वेळ अपुरा पडूं लागला. परवलीच्या शब्दांची यादी यंत्रांत एका फाइलींत जशीच्या तशी ठेवलेली होती. त्यानें ती फाइल छापून देण्याची मागणी रीतसर छिद्रित पत्र्यावर लिहून दिली आणि यंत्रानें ती निमूटपणें छापून दिली. पुढें १९६६ सालीं तर दोन फाइलींची अदलाबदल होऊन प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांचे परवलीचे शब्दच वाचावयास मिळाले! या दोन प्रसंगांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. ती ही कीं, दार बसविलें म्हणजे व्यवस्था झाली असें नव्हे. कोणास कोठपर्यंत जाऊं द्यावयाचें, हें वेगळें ठरवावें लागतें.

चांगल्या व्यवस्थेंत यंत्र प्रत्येक वेळीं तीन प्रश्न विचारीत असतें. आलेला माणूस कोण, हा पहिला प्रश्न. त्याचें उत्तर नांव आणि परवलीचा शब्द यांनीं मिळतें. त्याला काय करण्याची मुभा आहे, हा दुसरा; त्याचें उत्तर अधिकारांच्या यादींत असतें. त्यानें काय केलें, हा तिसरा. त्याचें उत्तर नोंदवहींत उतरतें. सामान्य माणसाचें लक्ष पहिल्याच प्रश्नावर खिळलेलें असतें. परवलीचा शब्द अवघड असला म्हणजे सर्व कांहीं सुरक्षित, अशी त्याची समजूत असते.

पहिल्या प्रश्नाचें महत्त्व कमी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. बेल लॅबोरेटरीज या संस्थेंतील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत, गोळा केलेल्या ३,२८९ परवलीच्या शब्दांपैकीं सुमारें ८६ टक्के सहज हुडकून काढतां येण्याजोगे होते, असें दाखविलें. परवलीचा शब्द जसाच्या तसा न ठेवतां, ज्यावरून मूळ शब्द उलट काढतां येत नाहीं असा गणिती संस्कार करून आलेलें रूपच सांठविण्याची पद्धत पडली. आतां तर शब्दाच्या जोडीला खिशांतील दूरध्वनीवर येणारा अंक किंवा बोटाचा ठसाहि मागतात. परंतु पहिल्या दारावर एवढा पहारा बसवूनहि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ढिलें असेल, तर तो पहारा वायां जातो.

दुसरा प्रश्न समजण्यासाठीं एखादें विद्यालय डोळ्यांपुढें आणावें. तेथें एक मुख्य संगणक आहे, त्यास सर्व्हर म्हणतात. आणि शिक्षक, लेखनिक व मुख्याध्यापक आपापल्या मेजावरील संगणकांवरून त्याच्याशीं जोडलेले आहेत. सर्व्हरवर गुणपत्रकें, फीचे हिशेब, दाखले, प्रश्नपत्रिका असे निरनिराळे कप्पे आहेत. आठवीच्या शिक्षकानें आठवीच्या गुणांची नोंद करावी. दहावीच्या गुणांस हात लावूं नये. लेखनिकानें निकालपत्रक करण्यापुरते गुण वाचावे, बदलूं नयेत. मुख्याध्यापकांनीं सर्व पाहावें. परंतु फीच्या हिशेबांत खाडाखोड करण्याची मुभा त्यांसहि नसावी. पाहणें, लिहिणें, नवें निर्माण करणें आणि पुसून टाकणें हे येथें वेगवेगळे अधिकार आहेत, हें सहज ध्यानांत येईल.

निरनिराळ्या रचनाकारांनीं ही वांटणी आपापल्या परीनें केली आहे. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं ज्या युनिक्स प्रणालीचा आरंभ केला, तींत प्रत्येक फाइलीसाठीं माणसांचे तीन वर्ग केले: मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. प्रत्येक वर्गास वाचणें, लिहिणें आणि चालविणें असे तीन अधिकार देतां येतात किंवा नाकारतां येतात. तीन त्रिक नऊ खुणांत सगळा कारभार बसतो. अमेरिकेंतील युटा राज्यांतील नॉव्हेल कंपनीनें १९८३ सालापासून नेटवेअर ही जाळ्यासाठींच घडविलेली प्रणाली बाजारांत आणली. १९९० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतहि ती परिचित झाली. तिच्या तिसऱ्या आवृत्तींत वाचणें, लिहिणें, निर्माण करणें, पुसणें, नांव व गुणधर्म बदलणें, कप्प्यांतील यादी पाहणें, दुसऱ्यास अधिकार देणें आणि सर्वाधिकार, असे आठ निरनिराळे अधिकार होते. वरच्या कप्प्यावर दिलेला अधिकार आंतल्या कप्प्यांस वारशानें मिळे. आणि तो मध्येंच अडवावयाचा असल्यास तशी गाळणी लावतां येई. सर्वाधिकार मात्र कोणत्याहि गाळणीस जुमानीत नसे. म्हणून तो देतांना हात आंखडता ठेवावा, हें शहाण्या व्यवस्थापकास कळत असे.

आतां वरच्या विद्यालयांत ४० शिक्षक आणि ३० कप्पे आहेत, असें समजावें. प्रत्येक शिक्षकाचा प्रत्येक कप्प्याशीं संबंध वेगवेगळा ठरवावयाचा म्हटल्यास १,२०० निर्णय घ्यावे लागतील, आणि ते ध्यानांत ठेवणें कोणासहि शक्य होणार नाहीं. म्हणून आधीं गट करावे. वर्गशिक्षक, परीक्षा विभाग, कार्यालय, ग्रंथालय आणि मुख्याध्यापक असे पांच गट केले म्हणजे १५० निर्णयांत काम होतें. अधिकार गटास द्यावे आणि माणसास गटांत घालावें. माणूस बदलला तर त्याला एका गटांतून काढून दुसऱ्यांत घालणें एवढेंच उरतें. माणसाला काढणें ही या पद्धतीची अर्धी बाजू आहे, आणि हीच बाजू नेमकी दुर्लक्षिली जाते.

एखाद्या शिक्षकाकडे वर्षभरासाठीं परीक्षा विभागाचें काम येतें. प्रश्नपत्रिकांचा कप्पा त्यास उघडून दिला जातो, कारण तो उघडल्याशिवाय काम होत नाहीं. पुढील वर्षीं काम दुसऱ्याकडे जातें. दुसऱ्यास अधिकार मिळतो. पहिल्याचा तसाच राहतो. तिसऱ्या वर्षीं त्या पहिल्या शिक्षकाची कन्या त्याच शाळेंत दहावींत येते आणि पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याचा बोभाटा होतो. शिक्षक सज्जन असेल, त्यानें तो कप्पा दोन वर्षांत एकदांहि उघडला नसेल. परंतु ज्याच्या हातीं किल्ली होती त्याच्याकडेच बोट दाखविलें जाईल. परत न घेतलेला अधिकार जसा संस्थेला धोक्याचा, तसा ज्याच्यापाशीं तो राहिला त्या निरपराध माणसालाहि धोक्याचा असतो.

ही भीति काल्पनिक नाहीं, याचें उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत १९८६ सालीं घडलें. क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या संशोधनाचें अनुदान संपल्यामुळें त्यांना प्रयोगशाळेच्या संगणक विभागांत काम देण्यांत आलें होतें. यंत्राच्या वापराचा आकार लावणाऱ्या दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक येत होता, तो शोधून काढण्याचें क्षुल्लक काम त्यांच्याकडे आलें. कोणीहि कारकुनानें तो फरक किरकोळ खर्चांत टाकला असता. स्टॉल यांनीं तो टाकला नाहीं. शोधतां शोधतां त्यांना ‘हंटर’ नांवाचें एक खातें आढळलें. तें कोणी उघडलें, त्याचा आकार कोणाकडून वसूल करावयाचा, याची कोठेंच नोंद नव्हती. तें खातें काढून टाकण्यांत आलें.

परंतु प्रकरण तेथें मिटलें नाहीं. थोड्याच दिवसांत असें दिसलें कीं, आणखी एका नांवानें कोणी तरी यंत्रांत वावरत आहे. हें नांव मात्र खऱ्या माणसाचें होतें. ते संगणकशास्त्रांत निष्णात गृहस्थ त्या वर्षीं इंग्लंडांत होते. ते गेले, त्यांचें खातें राहिलें. कोणा परक्यानें त्या रिकाम्या घरांत आपला बिछाना पसरला होता आणि नोंदवहींत मात्र त्या दूरदेशीं बसलेल्या गृहस्थाचें नांव उमटत होतें.

हा परका आंत येऊन सर्वाधिकारी कसा झाला, हेंहि समजून घेण्याजोगें आहे. युनिक्समध्यें ‘रूट’ नांवाचें एक खातें असतें. त्यास कोणताहि कप्पा बंद नसतो. प्रयोगशाळेंतील लोक इमॅक्स नांवाचा एक लेखनोपयोगी कार्यक्रम वापरीत. त्याच्या सोबत टपालाची फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलविणारा एक छोटा सेवक कार्यक्रम येई. तेथें तो रूटच्या अधिकारानें चालेल, असा बसविलेला होता. टपाल हलविणाऱ्या पोरास खजिन्याची किल्ली दिल्यासारखाच हा प्रकार होता. त्या परक्यानें या सेवकाकडून स्वतःची एक फाइल, यंत्र दर पांच मिनिटांनीं आपणहून चालवीत असे त्या कार्यक्रमाच्या जागीं नेऊन ठेवली. पांच मिनिटांनीं यंत्रानें ती आपलीच समजून चालविली आणि परक्यास सर्वाधिकार मिळाला. आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यांत कोकिळेचें अंडें, ही गोष्ट मुलांसहि ठाऊक असते. स्टॉल यांनीं १९८९ सालीं या सर्व प्रकरणावर लिहिलेल्या पुस्तकास कोकिळेच्याच जातीच्या पक्ष्याच्या अंड्याचें नांव दिलें, तें यावरूनच.

स्टॉल यांनीं चोराला लगेच हांकलून न देतां सुमारें दहा महिने त्याच्यावर पाळत ठेवली. त्यानें या काळांत निरनिराळ्या सुमारें ४५० संगणकांचीं दारें ठोठावून पाहिलीं आणि ३० हून अधिक संगणकांत त्यास शिरकाव मिळाला. त्यासाठीं त्यानें कांहीं अद्भुत विद्या वापरली नाहीं. पाहुण्यांसाठीं ठेवलेलीं खातीं, यंत्र विकणाऱ्यानें दुरुस्तीसाठीं उघडून ठेवलेलीं आणि पुढें कोणी बंद न केलेलीं खातीं, मूळचा परवलीचा शब्द कधींच न बदललेलीं खातीं, यांवरच त्याचा डोळा असे. शेवटीं लष्करी विषयांच्या खोट्या फाइली आमिष म्हणून मांडल्यावर तो तारेवर बराच वेळ रेंगाळला आणि माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोंचला. मिळालेली माहिती सोव्हिएट गुप्तहेर खात्यास विकली जात होती, असें निष्पन्न झालें. १९९० सालीं जर्मन न्यायालयानें तिघांना दोषी ठरविलें.

पुष्कळांस वाटेल कीं, ही जुनी कथा आहे. तेव्हांपासून शास्त्र खूप पुढें गेलें. शास्त्र पुढें गेलें हें खरें. विसराळूपणा मात्र जेथल्या तेथेंच राहिला. मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनीं हल्ला केला. टेक्ससपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत सुमारें ५,५०० मैल पसरलेली ही नळवाहिनी त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यास लागणाऱ्या इंधनापैकीं सुमारें ४५ टक्के इंधन पुरविते. ७ मे रोजीं ती बंद करावी लागली, ती १२ मे रोजीं पुन्हां सुरू होऊं लागली. मधल्या काळांत पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. कंपनीनें सुमारें ४४ लक्ष डॉलर खंडणी दिली. तिच्यांतील कांहीं भाग सरकारनें पुढें परत मिळविला. चोर आंत आले कोठून? दूर असलेल्या नोकरांस घरून कंपनीच्या जाळ्यांत येतां यावें, म्हणून ठेवलेल्या एका जुन्या वाटेवरून. ती वाट आतां वापरांत नाहीं, अशीच समजूत होती. परवलीचा शब्द चोरीच्या एका यादींत जाऊन पडलेला होता, आणि त्याच्या जोडीला दुसरी कोणतीहि खूण या वाटेवर मागितली जात नव्हती. १९८६ आणि २०२१ यांच्यामध्यें ३५ वर्षांचें अंतर आहे. परंतु दोन्ही वेळीं चोर आंत आला तो कोणाचें लक्ष उरलें नव्हतें अशा दारानेंच.

मग व्यवस्थापकानें करावें काय? जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघां विद्वानांनीं १९७५ सालीं एक तत्त्व सांगून ठेविलें आहे. प्रत्येक माणसानें आणि प्रत्येक कार्यक्रमानें आपलें काम पुरें होण्यास लागेल तेवढ्याच कमींत कमी अधिकारानें चालावें, असें तें तत्त्व. टपाल हलविणाऱ्यास टपालापुरताच अधिकार असता, तर बर्कलीचा सर्वाधिकार चोराच्या हातीं गेला नसता. व्यवस्थापकानेंहि हें तत्त्व स्वतःस लागू करावें. पत्र लिहिणें, हिशेब पाहणें अशा नित्याच्या कामांसाठीं त्यानें साधें खातें वापरावें. सर्वाधिकाराचें खातें वेगळें ठेवावें आणि त्याच कामापुरतें उघडावें. एकच खातें चौघांनीं मिळून वापरण्याची चाल अनेक कचेऱ्यांत सोयीची म्हणून पडलेली असते. तीमुळें तिसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे कोणी काय केलें याचें, उत्तर कायमचें नाहींसें होतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, खात्यास आयुष्याची मर्यादा असावी. तात्पुरत्या नोकराचें, शिकाऊ उमेदवाराचें किंवा बाहेरच्या दुरुस्ती-कारागिराचें खातें उघडतांनाच तें कोणत्या दिवशीं मिटेल, ती तारीख यंत्रांत घालून ठेवावी. बहुतेक प्रणालींत तशी सोय असते. माणूस नोकरी सोडतो, त्या दिवशीं त्याचा शेवटचा पगार काढणाऱ्या कचेरीकडूनच व्यवस्थापकास चिठ्ठी जावी. ऐकीव बातमीवर हें काम सोडूं नये. माणसाची बदली झाली, तर नवे अधिकार देण्यापूर्वीं जुने काढावे. आणि वर्षांतून एकदोन वेळां प्रत्येक विभागाच्या प्रमुखापुढें त्याच्या माणसांच्या अधिकारांची यादी ठेवून, यांतील कोणाला कशाची गरज उरली आहे, असें विचारावें. ही विचारपूस कंटाळवाणी असते, हें खरें. परंतु ७५ सेंटांचा फरक शोधणेंहि कंटाळवाणेंच होतें.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. गेलेल्या माणसाचें खातें प्रथम बंद करावें. घाईनें पुसून टाकूं नये. युनिक्ससारख्या प्रणालींत यंत्र माणसास नांवानें ओळखीत नाहीं; त्यास दिलेल्या अंकानें ओळखतें. जुनें खातें पुसलें तरी त्याच्या फाइलींवर तो अंक राहतो. आणि तोच अंक पुढें नव्या माणसास दिला गेला, तर जुन्याच्या सर्व फाइलींचा तो आपोआप मालक होतो. विंडोजच्या जाळ्यांत याच्या उलट घडतें. तेथें प्रत्येक खात्याचा ओळख-अंक पुन्हां कधींच दिला जात नाहीं. म्हणून चुकून पुसलेलें खातें त्याच नांवानें नव्यानें उघडलें, तरी जुने अधिकार परत येत नाहींत. म्हणून आधीं दार बंद करावें, आंतलें सामान योग्य माणसाच्या स्वाधीन करावें, आणि मग कालांतरानें खातें काढून टाकावें, हा क्रम चांगला.

या सर्वांत खरी अडचण यंत्राची नसते. ती मनाची असते. तीस वर्षें इमानानें काम केलेल्या लेखनिकाचें खातें त्याच्या निरोप समारंभाच्या संध्याकाळींच बंद करणें व्यवस्थापकास कृतघ्नपणाचें वाटतें. वरिष्ठाकडून अधिकार काढून घेतांना त्याची जीभ अडखळते. परंतु अधिकार काढणें म्हणजे माणसावर अविश्वास दाखविणें, ही समजूत मुळांतच चुकीची आहे. बर्कलीच्या नोंदवहींत रात्रीमागून रात्र ज्यांचें नांव उमटत होतें, ते गृहस्थ हजारों मैल दूर होते. त्यांच्या नांवावर कोण काय करीत आहे, याचा त्यांना पत्ताहि नव्हता. त्यांचें खातें ते निघाले त्याच दिवशीं बंद झालें असतें, तर प्रयोगशाळेचें रक्षण झालें असतेंच. परंतु त्याहिपेक्षां त्यांच्या नांवाचें रक्षण झालें असतें. जाणाऱ्या माणसाला नारळ आणि शाल देतांना त्याच्या हातून किल्लीहि मागून घ्यावी. त्याच्या इभ्रतीची काळजी संस्थेनें घेतली, असाच त्याचा अर्थ होतो.